यंत्रखोलीतली कीड

पत्रे तापले की यंत्रखोलीच्या छपरातून टकटक आवाज येई, आणि सासरा वर बघून म्हणे, "आलो, आलो." त्याच्या मते हा विनोद होता. त्याला हसण्याची पाळी बहुतेक वेळा सुनेवर येई, कारण यंत्रखोलीत त्याच्याबरोबर तीच असायची.

त्या उन्हाळ्यात मात्र तो हे म्हणेनासा झाला. उबवणीच्या यंत्रात गावातल्या कोंबड्यांची शेवटची अंडी होती.

थंडीत गावात मर आली होती. सकाळी खुराडं उघडावं तर आत कोंबड्या मान टाकून पडलेल्या. लोकांनी खड्डे खणले, चुना टाकला, पुरल्या. मोजक्या काही उरल्या. ज्यांच्या उरल्या त्यांच्याकडे बाकीचे असे बघायला लागले, जणू त्यांनी रोगाशी आतून संधान बांधलं होतं. शिंपिणीची काळ्या मानेची कोंबडी त्या उरलेल्यांपैकी. अशा सगळ्या घरच्या बायकांनी अंडी खाणं बंद केलं, साठवली, त्यांच्यावर कोळशानं आपापल्या खुणा केल्या आणि या घरी आणून दिली. अंडी उबवायला बसतील अशा खुडूक कोंबड्या गावात उरल्याच नव्हत्या, आणि उबवणीचं यंत्र एवढ्या एकाच घरात होतं.

"भाऊजी, ही नुसती अंडी नाहीत," शिंपीण टोपली खाली न ठेवताच सासऱ्याला म्हणाली होती. "गावात परत कोंबडा आरवायचा की नाही, ते आहे यात."

"माझ्याकडे दिलीस ना? मग जा, निवांत झोप."

"तुमच्याकडे दिली म्हणूनच झोप लागायची नाही."

सासऱ्यानं हे मनावर घेतलं. यंत्रखोलीच्या दारात त्यानं औषधाच्या पाण्याचं पसरट घमेलं ठेवलं. आत येणाऱ्यानं चपला बाहेर काढायच्या, पाय बुडवायचे, मग उंबरा ओलांडायचा. जनावरांच्या डॉक्टरला त्यानं बुटांसकट बुडवलं होतं. एकदा मांजरालाही धरून बुडवलं. ते मांजर पुन्हा त्या घराकडे फिरकलं नाही. रोग असा पायांनी, पंखांनी, बोटांनी येतो, हे त्या घराला पक्कं ठाऊक होतं.

सुनेच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेला पेनड्राइव्ह असे. यंत्राचं तापमान, पंखे, ट्रे कलते करणं हे सगळं यंत्रखोलीतला एक जुना कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याला नेट नव्हतं. त्याच्यातली नोंद ती रोज पेनड्राइव्हवर घेऊन घरातल्या कॉम्प्युटरवर नेई, तिथून येताना आणखी काही घेऊन येई. दिवसातून कितीदा तरी पाय बुडायचे. पेनड्राइव्ह कोरडाच आत-बाहेर करायचा.

*

घरच्या कोंबड्यांच्या रक्ताचे नमुने तपासणी केंद्रात पाठवले होते. रोग अजून आहे असा निकाल आला तर सरकारी माणसं येणार, कोंबड्या नेणार आणि अंडीही फोडणार. त्यामुळे घरात अहवालाचं नाव कुणी काढत नसे. जेवताना सगळे ताटाकडे बघत.

एका सकाळी सुनेला मेल दिसली. विषय होता, 'आपला अहवाल. तातडीचे.' सोबतची फाईल तिनं उघडली. कागदाच्या गुंडाळीसारखं चित्र, खाली नाव 'अहवाल'. तिनं दोनदा टिचकी मारली. एक काळी चौकट डोळ्याची पापणी लवावी तशी चमकून गेली. बाकी काही नाही.

काही झालं नाही की माणूस जे करतो तेच तिनं केलं. पुन्हा टिचकी मारली. मग तिला वाटलं, घरातलाच कॉम्प्युटर खराब असेल. तिनं फाईल पेनड्राइव्हवर घेतली, घमेल्यात नीट पाय बुडवले, यंत्रखोलीतल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर फाईल ठेवली आणि तिथे टिचकी मारली. पुन्हा काळी चौकट, पुन्हा काही नाही.

तिनं कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? अहवाल आलाय, पण वाचता येत नाही? सासूनं विचारलं असतं, "मग आलाय कशाला?" फाईल तिथेच राहिली, पडद्याच्या कोपऱ्यात, सगळ्यांना दिसेल अशी.

*

पुढे काही दिवसांनी सकाळी ती आत गेली तेव्हा पडद्यावर तापमान बरोबर होतं. तिनं यंत्राच्या दाराची मूठ धरली आणि हात झटकन मागे घेतला.

दार उघडलं तशी भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. वरच्या ट्रेमधलं एक अंडं तिनं उचललं. ते धरवत नव्हतं.

"अहो! अहो, या इकडे!"

नवरा धावत आला. घमेल्यात पाय न बुडवता आला, आणि मागून आलेल्या सासऱ्यानं त्याला ओरडून परत दारापर्यंत पाठवलं. तो पाय बुडवून येईपर्यंत सुनेनं हीटरचं बटण हातानंच बंद केलं होतं.

"पडद्यावर तर बरोबर दाखवतोय," नवरा म्हणाला.

"तो पहाटेचं दाखवतोय. थिजलाय तो. घड्याळ बघा त्याचं."

नवऱ्यानं मशीनवाल्याला फोन लावला. मशीनवाला म्हणजे ज्यानं हे यंत्र विकलं तो. विकेपर्यंत तो दर दोन दिवसांनी यायचा.

"साहेब, मी लांब आहे," मशीनवाला म्हणाला. "एक करा, मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला जोडून द्या. मी इथूनच आत शिरून बघतो."

"याला आम्ही कधी नेट जोडत नाही."

"मग मी काय भिंतीतून येऊ?"

नवऱ्यानं नेट जोडलं. पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला, इकडे गेला, तिकडे गेला. सासरा त्या बाणाकडे टक लावून बघत होता. "याचे पाय कुणी बुडवले?" त्यानं विचारलं. कुणी हसलं नाही, कारण तो विनोद करत नव्हता.

मशीनवाल्यानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला, "आता पळेल बघा" म्हणाला आणि फोन ठेवला. कॉम्प्युटर पळालाच. त्याच्या डब्यातला पंखा घरघरायला लागला, डबा गरम झाला, आणि यंत्राचा तापमानाचा काटा कधी उडी मारून वर, कधी खाली. सूचनेची घंटा वाजायची ती वाजेना. व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमनं लाल खिडकी दाखवली. एक फाईल धरली, मारली. सगळ्यांनी श्वास सोडला. थोड्या वेळानं तीच लाल खिडकी, तीच फाईल.

"मेलेलं परत कसं येतं?" सासू दारातून म्हणाली. ती आत येत नसे. कॉम्प्युटरचं मला काही कळत नाही, असं ती सगळ्यांना सांगे, कुणी विचारलेलं नसलं तरी.

*

कॉम्प्युटरवरचा भरवसा उडाल्यावर ते काम माणसांनी उचललं. नवऱ्यानं यंत्राच्या तारा कॉम्प्युटरपासून सोडवून हीटर आणि पंखे साध्या बटणांवर आणले. आता एकानं सतत आत उभं राहायचं. तापलं की हीटर बंद, दार थोडं उघडं. उतरलं की हीटर चालू. आतली हवा दमट राहावी म्हणून ओली पोती टांगली, ती सुकली की पुन्हा भिजवली. आणि प्रत्येक ट्रे ठराविक वेळानं हातानं कलता करायचा, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. भरलेले ट्रे वजनाला जड. दुपारपर्यंत सुनेच्या मनगटांना सूज आली. नवऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले.

सासरा अंडं उचलून डोळ्याच्या मिटल्या पापणीला लावी आणि निकाल देई. "बरोबर आहे."

सासूनं पोरांचा ताप बघायचा थर्मामीटर आणला. "ताप आहे म्हणतोय."

"तो खोटं बोलतो."

"तुमच्या पापणीला मोतीबिंदू झालाय," सासू म्हणाली, आणि हीटर बंद झाला.

दुपारी शिंपीण आली. कुंपणाबाहेरूनच तिनं विचारलं, "सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," चौघं एकदम म्हणाली. एवढ्या एकमतानं त्या घरात आजवर काही बोललं गेलं नव्हतं. शिंपिणीचा चेहरा उतरला. ती परत गेली.

सुनेनं एक अंडं अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन बॅटरीच्या उजेडावर धरलं. आत लाल शिरांचं जाळं, आणि त्यात एक काळी सावली जराशी वळली. वरच्या ट्रेमधलं एक धरलं. सावली होती. वळली नाही. तिनं ते अंडं परत जागेवर ठेवलं आणि दुसरं बघितलं नाही.

*

बाजाराच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण होता. त्याला सगळे इस्कोट म्हणत, कारण तो कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचे सगळे भाग टेबलावर पसरायचा. तो चार वाजता मोटरसायकलवरून आला. घमेल्यापाशी थबकला.

"पाय बुडव," सासरा म्हणाला.

"काका, रोग तर कॉम्प्युटरला झालाय ना?"

"आधी बुडव, मग बोल."

आत आल्यावर इस्कोटनं पहिलं काम केलं ते मोबाईलचं नेट तोडायचं. "हे कुणी जोडलं?"

नवरा खाली बघू लागला.

"तरीच. हे बघा, आत बसलाय तो चोर नाही. चोराला फोन करणारा आहे. त्याला स्वतःला चोरी येत नाही, एवढंच येतं, बाहेर निरोप धाडायचा आणि खऱ्या चोरांना आत घ्यायचं. इतके दिवस फोनच लागत नव्हता म्हणून हा बिचारा दर थोड्या वेळानं उठून नंबर फिरवत होता. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशी गर्दी झाली आणि कॉम्प्युटर थिजला. आज तुम्ही त्याला लाईन दिलीत."

"मशीनवाल्यानं सांगितलं," नवरा म्हणाला.

"त्याला काय, अंडी त्याची थोडीच आहेत."

"मग तो लाल खिडकीवाला पकडतोय ते काय?"

"तो चोर पकडतो. बोलावणारा मोकळाच राहतो, आणि एकदा आणलेल्या चोराच्या नकला त्यानं आत लपवल्यात, नेट तोडलं तरी तो त्याच पुन्हा पुढे करतो."

इस्कोटनं पडद्यावरच्या 'अहवाल'वर टिचकी न मारता ती फाईल साध्या मजकुरासारखी उघडली. पान भरून अक्षरं आणि आकडे, कशाचा कशाला मेळ नाही.

"हा अहवाल?" सासरा पुढे झुकला. "रोग आहे म्हणतोय की नाही?"

"काका, हा अहवालच नाही. हे हुकूम आहेत, मुद्दाम पिंजून ठेवलेले, कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून. टिचकी मारली की कॉम्प्युटरमधलाच एक घरचा गडी हे वाचतो आणि सांगितलं तसं करतो. घरचाच असल्यामुळे त्याला कुणी अडवत नाही."

"पण त्यांना कसं कळलं, आम्ही अहवालाची वाट बघतोय ते?" सून न राहवून बोलली.

"नाही कळलं, वहिनी. अशी पत्रं हजारोंना जातात. कुणी निकालाची वाट बघत असतो, कुणी पार्सलची. जो वाट बघत असतो, त्याला ते आपलंच वाटतं." तो मागे वळला. "उघडली कुणी?"

यंत्राचा पंखा तेवढा फिरत होता.

सुनेला वरच्या ट्रेमधली न वळलेली सावली दिसत होती. "मी," ती म्हणाली. "मीच आणली इकडे. मीच टिचकी मारली."

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. सासऱ्यानं बघितलं. दोघांच्याही चेहऱ्यावर राग यायला हवा होता. तो आला नाही, हे तिला विचित्र वाटलं.

"बरं झालं बोललात," इस्कोट म्हणाला. "कुठल्या दिवशी ते सांगा, वेळ कळली की शोधायला सोपं." तिनं दिवस सांगितला आणि त्यानं कॉम्प्युटरला ठरवून दिलेल्या कामांची यादी काढली. तिच्यात कॉम्प्युटरची स्वतःची पुष्कळ कामं, आणि त्यांच्यात मिसळून बसलेलं एक, अगदी सरकारी वाटेल असं नाव घेतलेलं. ते त्या दिवशीचंच निघालं. त्यानं ते काढून टाकलं, त्याची लपवलेली फाईल काढली, बाहेरून आलेला चोर काढला, चालू असलेली सगळी बेवारशी कामं थांबवली. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला.

सगळे पडद्याकडे बघत राहिले. सुनेनं मध्येच उठून ट्रे कलते केले.

लाल खिडकी आली.

"हॅत्तेच्या!" इस्कोटनं कपाळ पुसलं. "अजून कुणीतरी आहे. प्रत्येक टिचकीला हा वेगळं नाव घेऊन बसतो. वहिनी, यंत्रखोलीत तुम्ही कितीदा मारली?"

"एकदाच. शपथेवर सांगते."

"मग दुसरी कुणी?"

नवरा खाकरला. "मी... संध्याकाळी सहज बघितलं होतं. म्हटलं हिला सांगण्याआधी आपण बघावं. वाईट असलं तर."

दुसरं काम निघालं. ते गेलं. लाल खिडकी पुन्हा आली.

सासऱ्यानं छपराकडे बघितलं. पत्रा वाजत नव्हता. "पहाटे," तो म्हणाला. "पाय बुडवूनच आलो होतो मी."

तिसरं गेलं. कॉम्प्युटर चालू झाला. ओली पोती सुकत आली होती, पण ती भिजवायला कुणी हललं नाही. लाल खिडकी आली.

इस्कोट आता यादीत तारीख आणि वेळ बघत एकेक नाव खाली सरकवत होता. त्याचं बोट थांबलं. "भर दुपारची आहे ही," तो म्हणाला. "दुपारी घरात कोण असतं?"

दुपारी नवरा बाजारात असायचा, सून पाठीमागे खाद्य दळायची, सासरा झोपायचा. तिघांच्या माना दाराकडे वळल्या.

सासू उंबऱ्याबाहेर उभी होती. हातातला थर्मामीटर तिनं झटकला, पारा उतरलेला असूनही. "मला कॉम्प्युटरचं काही कळत नाही," ती म्हणाली.

"काकू, टिचकी मारायला कळावं लागत नाही."

"एकदाच," सासू म्हणाली. "दोनदा. पण दुसऱ्यांदा हात थरथरत होता, ती धरू नका."

धरावी लागली. दोन्ही कामं निघाली. यावेळी कॉम्प्युटर चालू झाल्यावर डब्याचा पंखा हळूहळू शांत होत गेला. त्यांनी ट्रे कलते केले, पोती भिजवली, परत आले. लाल खिडकी आलेली नव्हती. इस्कोटनं स्वतःकडच्या स्वच्छ पेनड्राइव्हवरून पूर्ण तपासणी लावली, सुनेचा पेनड्राइव्ह पुसून कोरा केला, आणि अशी फाईल यापुढे कुणी उघडलीच तर ती चालू न होता नुसती मजकूर म्हणून दिसेल, अशी सोय केली. घरातला कॉम्प्युटर त्यानं सरळ पुसून नवा भरायला सोबत घेतला. मेलचे पासवर्ड सासूच्या मोबाईलवरून बदलले, कारण तेवढाच एक मोबाईल कॉम्प्युटरला कधी जोडलेला नव्हता.

"हासुद्धा खरं तर पूर्ण पुसायला हवा," जाताना तो यंत्रखोलीकडे बोट करून म्हणाला. "पण प्रोग्रॅमची डिस्क मशीनवाल्याकडे. पिल्लं निघेपर्यंत याला नेट दाखवू नका. आणि यंत्र याच्या हवाली करू नका, तुम्हीच सांभाळा."

"अंडी वाचली का?" सुनेनं विचारलं.

"ते मला नाही कळत, वहिनी," इस्कोट म्हणाला, आणि चपला घालून गेला.

*

त्यांनी सांभाळलं. पाळ्या लावल्या. सून उठली की नवरा बसे, नवरा उठला की सासरा, आणि सासरा पापणीचा निकाल देऊ लागला की, आता उंबरा ओलांडून, सासू. एकमेकांना कुणी काही बोललं नाही. चौघंही गुन्हेगार असल्यावर भांडायला कुणी उरत नाही.

मध्येच तपासणी केंद्राचा फोन आला. सासऱ्यानं तो कानाला लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, नमुने मिळाले आहेत, अजून उघडलेले नाहीत, चौकशी करत जाऊ नका.

मग पिल्लं निघण्याआधीचे, ट्रे कलते करणं थांबवायचे शेवटचे दिवस आले, आणि ते सगळ्यांत कठीण गेले, कारण हीटरचं बटण आणि पोती सोडली तर हाताला काम उरलं नाही. नुसतं बसायचं आणि ऐकायचं.

पिल्लं निघायच्या दिवशी सकाळी शिंपीण न बोलावता आली. चपला काढल्या, पाय बुडवले, भिंतीला टेकून उभी राहिली. खालच्या ट्रेमधून बारीक चिवचिव सुरू झाली होती. मधल्या ट्रेमध्ये कवचांना चिरा पडत होत्या. एक पिल्लू अर्धं बाहेर येऊन दमून पडलं होतं.

वरच्या ट्रेमध्ये आवाज नव्हता.

"माझी कुठल्या ट्रेमध्ये?" शिंपिणीनं विचारलं.

सून पुढे झाली. हे कसं सांगायचं ते तिनं किती दिवस मनात जुळवलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि मागून सासूचा आवाज आला.

"वरच्या. यंत्र तापलं होतं. आम्ही तुला ठीक आहे म्हणालो, ते खोटं होतं. कॉम्प्युटरमध्ये जे शिरलं ते आमच्याच हातानं. मी दोनदा हात लावला."

"आई, आधी मी..." सून म्हणाली.

"तू गप गं. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

शिंपीण यंत्रापाशी गेली. वरच्या ट्रेमधलं एक अंडं तिनं उचललं, कानाला लावलं, ठेवलं. दुसरं उचललं. ठेवलं. तिच्या बोटांना शिवणकामानं पडलेले घट्टे होते, पण अंडी ती अशी ठेवत होती, जणू ती झोपलेली असावीत. सासरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सून मोजत नव्हती, तरी तिला कळत होतं की ट्रे संपत आलाय.

अगदी कडेच्या, दाराजवळच्या एका अंड्यापाशी शिंपीण थांबली. ते तिनं कानाशी धरलं ते धरलंच. मग हलक्या हातानं खाली ठेवलं.

"टोचतंय," ती म्हणाली.

सगळी माणसं वाकली. कवचावर खसखशीएवढा उंचवटा आला होता. त्याची चीर झाली. चिरेतून चोचीचं पांढरं टोक दिसलं आणि नाहीसं झालं. बराच वेळ काहीच झालं नाही.

"अडकलंय," नवरा कुजबुजला. "जरासं सोलून देऊ का? नखानं?"

"हात लावायचा नाही," सासरा म्हणाला. "सोललं की रक्त येतं. मरतं."

"पण मरतंय असं वाटतंय."

"वाटू दे. कुणीही हात लावायचा नाही."

नवऱ्यानं हात मागे बांधले. सुनेनं आपली सुजलेली मनगटं काखेत दाबून धरली. सासूनं शिंपिणीचा हात घट्ट पकडला, तिनं पुढे करू नये म्हणून की आपण करू नये म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं. कवचात हालचाल झाली. थांबली. आत काहीतरी दम खात होतं आणि बाहेर पाच माणसं त्याच्याबरोबर दम खात होती. ऊन पत्र्यावर चढत गेलं. चीर टोपणासारखी गोल फिरत गेली, पुन्हा थांबली, आणि मग अख्खं कवच एकदम फाकून ओलं, काळ्या मानेचं, अत्यंत कुरूप असं काहीतरी ट्रेमध्ये कलंडलं आणि ओरडलं.

तरीही कुणी हात लावला नाही.

"आता?" सासूनं विचारलं.

"अजून नाही," सासरा म्हणाला. "सुकू दे."